रोटरीचं कॉम्प्रेशन: गेज साधंच, हिशोब नाशिकचा

रोटरी इंजिनाला, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो त्या इंजिनाला, नेहमीचं कॉम्प्रेशन गेज (इंजिन हवा किती दाबतं ते मोजणारं) लावलं की ते हमखास चांगली बातमी देतं. इंजिन शेवटच्या घटका मोजत असलं तरी देतं. गेज बिचारं पिस्टनच्या इंजिनासाठी बनवलेलं, त्याला जेवढं विचारलं तेवढंच सांगणार. रोटरीला विचारायचा प्रश्नच वेगळा असतो, आणि तो घरच्या घरी, फार खर्च न करता विचारता येतो.

रोटरी गाडी म्हणजे व्यवहारात माझदाचीच. स्वराज माझदाचे टेम्पो आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण माझदाच्या रोटरी गाड्या भारतात कधी विकायला आल्याच नाहीत. ज्या आहेत त्या कोणी ना कोणी बाहेरून आणलेल्या. नाशकात इंदिरानगरला माझ्या ओळखीच्या एकांकडे अशीच एक आरएक्स-8 आहे. सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू व्हायचं. गंगापूर रोडला जाऊन, चहा घेऊन परत निघायचं म्हटलं की मात्र नुसतं घरघरत राहायचं. मुंबई नाक्याजवळच्या एका मिस्त्रींनी प्लग काढून गेज लावलं, सेल्फ मारला आणि म्हणाले, "साहेब, एकशे दहा आलंय. कॉम्प्रेशन एकदम ओके. आपण गाडीतला पेट्रोल पंप बघू."

एकशे दहा पीएसआय हा आकडा खराच होता. तरीही इंजिनात बिघाड होता, आणि तो पेट्रोल पंपात नव्हता.

असं का होतं ते कळायला रोटरीच्या पोटात डोकवावं लागतं. आठच्या आकड्याला कमरेत थोडं फुगवावं तशा आकाराचं एक घर असतं, आणि त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरची तिन्ही टोकं सतत घराच्या भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे घराचे कायम तीन कप्पे पडलेले असतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो. हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही चारही कामं एकाच रोटरच्या तीन बाजूंवर एकामागून एक चाललेली असतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. आरएक्स-8 मध्ये असे दोन रोटर असतात आणि प्रत्येकाचा एक कप्पा 654 सीसीचा.

आता गेजचं बघा. प्लगच्या भोकात बसणाऱ्या त्याच्या नळीच्या टोकाला टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी पिन असते. ती हवा आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. पिस्टनच्या इंजिनात एका भोकामागे एकच सिलिंडर असतो, त्यामुळे चारपाच फटक्यांत साठलेला सगळ्यात मोठा दाब म्हणजे त्या सिलिंडरचा दाब. रोटरीत त्याच एका भोकासमोरून तीन बाजू आळीपाळीने जातात. पिन साठवून ठेवते तो तिघींतल्या सगळ्यात धडधाकट बाजूचा दाब. उरलेल्या दोघी आजारी असल्या तरी काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

रोटरीची दुखरी जागा म्हणजे त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या, एपेक्स सील. आरएक्स-8 मधल्या या पट्टीची जाडी 2 मिलिमीटर. खाली स्प्रिंग, वर घासत जाणारी भिंत, आणि दोन्ही अंगांना दोन वेगवेगळ्या कप्प्यांतला वेगवेगळा दाब. सायकलच्या पंपातलं वॉशर सुकलं की दांडा कितीही जोरात मारा, हवा मागेच पळते. इथेही तसंच, फक्त हे वॉशर मिनिटाला हजारो वेळा तापतं आणि घासतं.

या पट्टीने मोठमोठ्यांना घाम फोडलाय. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत पहिलं इंजिन 1957 मध्ये फिरलं. 1961 मध्ये हिरोशिमाच्या माझदाने एनएसयूशी करार करून तंत्र घेतलं, आणि केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या तरुण इंजिनिअरांना पहिलं दर्शन झालं ते घराच्या आतल्या भिंतीवर उमटलेल्या आडव्या ओरखड्यांच्या रांगांचं. सील भिंतीवरून सरळ सरकायच्या ऐवजी थरथरत, आपटत जात होतं. जपानी मंडळींनी त्या खुणांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव ठेवलं. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी कामी आली आणि 1967 मध्ये माझदाची कॉस्मो बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूने आपली आरओ 80 काढली, आणि तिच्या सीलांनी कंपनीचा जीव घेतला म्हटलं तरी चालेल. वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी टेकीला आली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. माझदाने मात्र हट्ट सोडला नाही. 1991 मध्ये चार रोटरच्या 787बी ने ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली.

आपल्याकडे रोटरी अगदीच परकी आहे असंही नाही. शेजारच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेचा हात लागलेलं 55 अश्वशक्तीचं देशी वँकेल इंजिन 2009 मध्ये 'निशांत' या वैमानिकरहित विमानात बसून उडालं होतं. आकाराने लहान, वजनाला हलकं आणि थरथर कमी, म्हणून विमानवाल्यांना ते आवडतं.

तर तपासणी. माझदाचं यासाठी खास यंत्र असतं, ते तिन्ही बाजूंचे दाब वेगवेगळे दाखवतं. ते नाशकात कुठे शोधत बसणार? साधं गेज, पकड आणि मोबाईल एवढ्यावर भागतं.

इंजिन आधी नेहमीसारखं गरम करून घ्यायचं, कारण आजार गरम झाल्यावरच दिसतो. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा आणि इग्निशन कॉइलची जोडणी सोडवायची. हे दोन्ही टाळलं तर उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि शेजारी ठिणगी असते, पुढचं सांगायला नको. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यातला एक काढून तिथे गेज बसवायचं, दुसरा जागेवरच ठेवायचा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, म्हणजे इंजिनाला पोटभर हवा मिळते. बॅटरी पूर्ण चार्ज. सेल्फ पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, मध्ये स्टार्टरला थंड व्हायला वेळ द्यायचा.

पहिल्यांदा पिन ठेवून मोजायचं. हा त्या रोटरच्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा, वहीत लिहून ठेवा. दुसऱ्यांदा नळीच्या टोकातली पिन काढून टाकायची. आता हवा आत-बाहेर मोकळी जाते, त्यामुळे काटा एका जागी न थांबता उड्या मारतो. प्रत्येक उडी म्हणजे एक बाजू. डोळ्यांना ते झेपत नाही, म्हणून मोबाईल गेजच्या तोंडासमोर धरून स्लो मोशनमध्ये शूटिंग करायचं.

इंदिरानगरला आम्ही हेच केलं. मिस्त्रीही थांबले होते, थोडेसे कुतूहलाने आणि थोडेसे, मला वाटतं, आमची फजिती बघायला. व्हिडिओ सावकाश चालवला तेव्हा काटा 95 च्या आसपास चढून पडला, मग जेमतेम 60, परत 60, पुन्हा 95. ठाम, ढिला, ढिला. पुन्हा ठाम, ढिला, ढिला. मिस्त्रींनी मोबाईल हातात घेतला, स्वतः दोनदा मागे-पुढे करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे मघाशी एकटीच बोलत होती."

पिन असताना 110 आणि काढल्यावर त्याच बाजूचे 95 का? पिन काढली की नळीची पोकळीही कप्प्याचाच भाग होते. आरएक्स-8 चा दाबाचा प्रमाणांक 10, म्हणजे कप्पा पूर्ण फुगला की दाबलेल्याच्या दहापट होतो; 654 सीसी हा या दोहोंतला फरक, म्हणून पूर्ण दाबल्यावर जेमतेम 73 सीसी जागा उरते. फूटभर लांब आणि 6 मिलिमीटर पोकळीच्या नळीत साडेआठ सीसी हवा मावते. एवढ्याशा जागेत एवढी भर पडली की दाब दहाएक टक्क्यांनी उतरलाच. शिवाय काटा जड, उडीच्या शेंड्यापर्यंत पोचायच्या आत खाली यायला लागतो. म्हणून पिन काढल्यावरचे आकडे कंपनीच्या आकड्यांशी ताडायचे नाहीत, एकमेकांशी ताडायचे. नळी जितकी आखूड तितकं बरं. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर अर्ध्या ते साडेचार व्होल्ट देणारा दाबाचा सेन्सर आणि अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) लावून आलेख काढता येतो, त्यात काट्याच्या जडपणाचा प्रश्नच मिटतो.

त्याच व्हिडिओतून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते, आणि मला तर तीच सगळ्यात सुंदर वाटते. शाफ्टच्या एका फेऱ्यात प्रत्येक रोटरची एकच बाजू दाबली जाते. म्हणजे काट्याच्या मिनिटाला जितक्या उड्या, तितकेच इंजिनाचे आरपीएम. आमच्या व्हिडिओत सेकंदाला 240 फ्रेम होत्या आणि दर 60 फ्रेमना एक उडी येत होती. पाव सेकंदाला एक, मिनिटाला 240. वेगळा टॅकोमीटर लावायची गरज नाही.

हा वेग महत्त्वाचा, कारण माझदाचे आकडे 250 आरपीएमसाठी दिलेले आहेत. आरएक्स-8 साठी चांगलं इंजिन 830 किलोपास्कल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत साडेआठ किलो, पीएसआयमध्ये 120. कमीत कमी 680 किलोपास्कल, म्हणजे 6.9 किलो किंवा साधारण 99 पीएसआय. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये 150 किलोपास्कलपेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांमध्ये 100 पेक्षा जास्त नको. सेल्फ हळू फिरला की दाबलेल्या हवेला सीलांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा उतरतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, पहाटे गारठलेल्या बॅटरीवर घेतलेलं माप बघून कोणी इंजिन बांधायला काढू नये.

आता नाशिकचा हिशोब. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब 101 किलोपास्कल असतो, आपल्याकडे 94 च्या आसपास. इंजिन आत घेतं तीच हवा मुळात सात टक्के विरळ. समुद्रकाठी गेजवर 830 दाखवणारं ठणठणीत इंजिन इथे 770 च्या आसपास दाखवेल, म्हणजे 120 च्या जागी 112 पीएसआय. काठावर पास होणारं 680 चं इंजिन इथे 633 पर्यंत येईल, 92 पीएसआयला. गेजचा शून्य म्हणजे त्या-त्या गावची हवा, म्हणून हे गणित आधी हवेचा दाब मिळवून, मग सात टक्के कमी करून, मग नाशिकचा दाब वजा करून करायचं; गेजच्या आकड्यातून नुसते सात टक्के कापले तरी उत्तर तेच येतं. कसारा घाट उतरला की तेच इंजिन, काही न करता, सुधारतं. जुनी रोटरी विकत घेताना हे दोन्ही बाजूंनी कामाला येतं, मुंबईत बघितलेली गाडी आणि नाशकात बघितलेली गाडी एकाच फूटपट्टीने मोजू नका.

इंदिरानगरच्या गाडीत दोन शेजारच्या बाजू ढिल्या होत्या, आणि यातच निदान आहे. एपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असते. ती गेली की दोन्हीकडचा दाब जातो, तिसरी बाजू शाबूत राहते. एकच बाजू ढिली असेल तर संशय रोटरच्या कडेच्या सीलवर जातो, कारण प्रत्येक बाजूचं कडेचं सील तिचं तिचं असतं. तिन्ही सारख्याच उतरलेल्या असतील तर भिंतीची झीज, नाहीतर सेल्फचा वेग, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन भिंतीवरचं तेल धुऊन निघालेलं. दोन्ही रोटर सारखेच उतरलेले दिसले तर आधी बॅटरी बघा आणि वरचा उंचीचा हिशोब परत तपासा. सील तुटलेलं नसतं, नुसतं काजळीने खाचेत अडकलेलं असतं, असंही होतं. त्यामुळे इंजिन लगेच उघडायची घाई नको. हायवेवर चांगली दमदार फेरी मारून पुन्हा मोजून बघावं.

शंका उरलीच तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून, सेल्फ मारून परत मोजतात. तेलाने फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा चांगलाच वर आला तर झीज, फारसा हलला नाही तर तुटलेलं किंवा अडकलेलं सील. यानंतर प्लग बसवून गाडी चालू केली की सायलेन्सरमधून असा निळसर पांढरा धूर निघतो की सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच कल्पना दिलेली बरी.