दगडफुलाची सृष्टी कोणती?

गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे फूल नव्हे आणि ते फक्त दगडावर उगवतं असंही नाही; झाडांच्या सालींवरूनही ते खरवडून आणतात. पुस्तकी मराठीत त्याला शैवाक म्हणतात. शाळेत पाच सृष्टींचा तक्ता पाठ करताना हे शैवाक त्यात कुठे बसवायचं, असा प्रश्न एखाद्या मुलाला पडतो. तो पडायलाच हवा, कारण शास्त्रज्ञांमध्ये त्यावरून कडाक्याची भांडणं झाली आहेत.

कार्ल लिनियसने १७३५ मध्ये सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या : वनस्पती आणि प्राणी. त्यामुळे बुरशी, भूछत्रं, शैवाल ही सगळी मंडळी वनस्पतींत गेली. १७५३च्या ग्रंथात त्याने झाडून सारी शैवाकं एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कित्येक जिवांना तर १७६७ मध्ये ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, हे नाव दिलं. मला ते नाव प्रामाणिक वाटतं. त्याचा शिष्य एरिक अकारियस याने पुढे शैवाकांच्या प्रजाती वेगळ्या केल्या, पण शैवाक म्हणजे एकच वनस्पती, याबद्दल त्यालाही शंका नव्हती.

ती शंका १८६७ मध्ये सिमोन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीरपणे मांडली. शैवाक हा एक जीव नाहीच. बुरशीच्या तंतूंनी हिरव्या शैवालाच्या पेशींना वेढून कामाला जुंपलेलं आहे, असं तो म्हणाला. बुरशी मालक आणि शैवाल गुलाम, ही उपमा त्याचीच. शैवाकांचे जाणकार खवळले. विरोधकांत सर्वांत पुढे होता पॅरिसमध्ये काम करणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर, आणि तो काही लहान माणूस नव्हता. शहराची हवा बिघडली की शैवाकं नाहीशी होतात, हे त्याने १८६६ मध्येच दाखवलं होतं. पण ज्यांच्या वर्गीकरणात हयात घालवली ते मुळात ‘एक’ नाहीतच, हे मान्य करणं त्याला जमलं नाही. दुसरीकडे आंतोन द बारी याने अशा एकत्र राहण्याला ‘सिम्बायोसिस’ म्हटलं. आपल्या पुस्तकांत आलेला ‘सहजीवन’ हा शब्द त्याच कल्पनेसाठी आहे.

सृष्टींचा तक्ताही दरम्यान बदलत होता. एर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये सूक्ष्मजीवांसाठी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी काढली. १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलंडने केंद्रक नसलेल्या जीवाणूंना वेगळं घर दिलं. बुरशीला मात्र स्वतःची सृष्टी मिळायला १९६९ उजाडलं. ती स्वतः अन्न बनवत नाही. बाहेर पाचकरस सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. रॉबर्ट व्हिटकरने हीच गोष्ट निकष म्हणून धरली. पुढे जनुकांवरून तर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची निघाली.

हा केवळ नावांचा खेळ नाही. द्राक्षावरचा केवडा, म्हणजे डाऊनी, आपण अजून ‘बुरशीजन्य रोग’ म्हणतो. पण त्याचा जीव खऱ्या बुरशीच्या नव्हे, तपकिरी शैवालांच्या नात्यातला आहे. म्हणून भुरीवर, म्हणजे खऱ्या बुरशीच्या रोगावर, चालणारी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं केवड्यावर चालत नाहीत. ती ज्या घटकाची निर्मिती रोखतात, तो केवड्याचा जीव स्वतः बनवतच नाही.

विषाणू या तक्त्यात आलेच नाहीत, कारण त्यांना पेशीच नाही. त्यांचं वर्गीकरण वेगळी आंतरराष्ट्रीय समिती करते. तिथेही चकवे आहेतच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात १९९२ मध्ये अमिबाच्या पोटात जीवाणूसारखं काही सापडलं. ते महाकाय विषाणू असल्याचं २००३ मध्ये जाहीर झालं.

आता पुन्हा दगडफुलाकडे. ठरलेला नियम असा, की शैवाकाचं शास्त्रीय नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव. शैवालाचं नाव वेगळं. पण लोबॅरियासारख्या शैवाकात बुरशी, हिरवं शैवाल आणि नॉस्टॉक असे तिघं नांदतात, आणि नॉस्टॉक तर जीवाणू आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला माखिजा यांनी सह्याद्रीतली शैवाकं वर्षानुवर्षं गोळा करून ओळखली, तीही याच नियमाने.

२०१६ मध्ये या नियमाची परीक्षा झाली. ब्रायोरिया या शैवाकाच्या दोन जाती उत्तर अमेरिकेत आढळतात : एक तपकिरी, दुसरी पिवळसर आणि विषारी. दोन्हींतली बुरशी तीच, शैवालही तेच. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी शोधल्यावर वरच्या थरात आणखी एक बुरशी निघाली, यीस्टच्या रूपातली, आणि पिवळ्या शैवाकात ती कितीतरी जास्त होती. नंतरच्या तपासण्यांत हे यीस्ट काही शैवाकांत सापडलं, पुष्कळांत नाही. नाव अजून पहिल्या बुरशीचंच चालतं.