हेलिकॉप्टर वैमानिकांचं खोटं धुकं

आषाढात मुरूडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की सर समुद्रावरून चालत येताना दिसते. आधी क्षितिज जातं, मग पद्मदुर्ग, मग समोरची होडी. जुहूहून मुंबई हायच्या, म्हणजे भर समुद्रातल्या तेलविहिरींच्या, प्लॅटफॉर्मकडे उडणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या वाट्याला पावसाळाभर हेच आभाळ. पाणी राखाडी, ढग राखाडी, मधली रेघ गायब. शिकाऊ वैमानिकाला जिवावर न बेतता हे आभाळ दाखवायचं कसं, ही खटपट शंभर वर्षांची आहे.

सुरुवात झाली एका गोल फिरणाऱ्या खुर्चीपासून. १९२६ मध्ये अमेरिकन लष्करी वैमानिक विल्यम ऑकर वैद्यकीय तपासणीत डोळे मिटून तीत बसला. खुर्चीचा वेग कमी झाला तेव्हा तो म्हणाला, थांबली. थांबली तेव्हा म्हणाला, उलटी फिरतेय! कानाच्या आतल्या नलिकांमधल्या द्रवाला वेगातला बदल कळतो, एकसारखं फिरणं कळत नाही. बाहेरचं दिसेनासं झालं की वैमानिकाचं शरीर त्याला असंच फसवतं. मग ऑकरने एका पेटीत वळण दाखवणारं यंत्र आणि दिवा बसवला, पेटीत डोळे घालून पुन्हा फिरला आणि एकदाही चुकला नाही. माझ्या मते या विषयातली खरी क्रांती ती पेटीच. पुढचं सगळं तिचा विस्तार.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर न बघता नुसत्या समोरच्या यंत्रांवर उडाला आणि उतरला. दुसरा वैमानिक सोबत होता, गरज पडलीच तर. त्याच सुमारास एडविन लिंकने शिकाऊंसाठी जमिनीवरचं खोटं विमान बनवलं. घरचा धंदा ऑर्गनचा, त्यामुळे ते डोलायचं भात्यांवर. भजनात पेटी वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हेलिकॉप्टरने मात्र पंचाईत केली. हात सुटला तर ते विमानासारखं आपोआप सरळ राहत नाही. त्यात काचा पायापर्यंत. बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर झापड चढवली तरी मान जरा कलली की खाली भाताचं खाचर दिसतं, आणि सोंग संपलं. शिवाय झापड एका क्षणात अंधार करते. सर तशी येत नाही.

म्हणून आता डोळ्यांपुढे वीज कमी-जास्त करून धूसर करता येणारी पातळ फिल्म आली आहे. प्रशिक्षक ती शेजारच्या सीटवरून हळूहळू गढूळ करत नेतो. यंत्रांवर उडता येतं का, एवढंच त्यात बघायचं नसतं. अजून थोडं दिसत असताना शिकाऊ माघारी वळला का, तेही बघायचं असतं.