घोड्यांचे डॉक्टर व्हायचे असेल तर : सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशाची प्रक्रिया

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो तेव्हा जाणते गिऱ्हाईक आधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहते, मग अंगावरचे भोवरे मोजते, चारही पायांवरून हात फिरवते आणि शेवटी जनावर चालवून दाखवायला सांगते. आपल्या जिल्ह्याला घोडा नवा नाही. आषाढीत सदाशिवनगर, अकलूज, वाखरी या ठिकाणी रिंगणात अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे झेपावतात, आणि भीमेच्या खोऱ्यात मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणाऱ्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदही मिळाली आहे. अशा घरांतील आणि अशा गावांतील मुले बारावीच्या वर्षी विचारतात, की घोड्यांचे शिक्षण कोठे मिळते आणि त्यासाठी अर्ज कोठे करायचा. बारावीच्या मुलांचे अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरताना माझ्या जे लक्षात आले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ घोड्यांवर उपचार करण्याची वेगळी पदवी आपल्याकडे नाही. घोड्याचा डॉक्टर होण्याचा रस्ता पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या पदवीतून, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. मधून जातो. हा अभ्यासक्रम एक वर्षाची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी यांच्याबरोबर घोडा शिकवला जातो. घोड्यातील विशेष प्राविण्य पुढे पदव्युत्तर शिक्षणात आणि प्रत्यक्ष कामात मिळवायचे असते.

ही पदवी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे नाही. तिच्यासाठी राज्यात स्वतंत्र विद्यापीठ आहे, ते म्हणजे नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे ‘माफसू’ म्हणतात. त्याची पदवीची जुनी महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला घराजवळची म्हणून लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ ही दोन महाविद्यालये आधी आठवतात. ज्याला घोडाच शिकायचा आहे त्याने मात्र मुंबईचा विचार अंतर पाहून सोडून देऊ नये, कारण महालक्ष्मी रेसकोर्समुळे त्या शहरात घोड्यांचे काम जवळून पाहण्याची संधी अधिक आहे.

पात्रता

उमेदवाराने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय घेतलेले असावेत आणि त्यांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के गुण असावेत. राखीव प्रवर्गांना यात सवलत आहे. अकरावीला विषय निवडताना गणित घेऊन जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांची येथेच अडचण होते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे. गुणवत्ता यादी मात्र बारावीच्या टक्क्यांवर न लागता नीट-यूजी या वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर लागते, त्यामुळे नीटचा अर्ज ज्याने भरला नाही त्याला ९५ टक्के असूनही त्या वर्षी या पदवीला प्रवेश मिळत नाही. ‘मला एमबीबीएस करायचे नाही, मग नीट कशाला’ असे म्हणून थांबलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे वर्ष वाया गेलेले पाहून फार वाईट वाटते.

नीटचा अर्ज साधारणपणे फेब्रुवारीत सुरू होतो आणि परीक्षा मेच्या सुरुवातीला एका रविवारी होते. परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची आहे आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. भाषेची निवड अर्ज भरतानाच करायची असते. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच दिली जात असल्याने अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातील मुलांनी जवळ पडते म्हणून सीमेपलीकडचे केंद्र निवडताना हे लक्षात घ्यावे. याच भागातील ज्या मुलांचे शिक्षण कर्नाटकात झाले आहे, त्यांनी माफसूच्या माहितीपुस्तिकेतील अधिवास आणि शाळेसंबंधीची अट सर्वांत आधी वाचावी, कारण राज्याच्या कोट्यातील पात्रता त्या एका अटीवर ठरते.

अर्ज एक नसून तीन

नीटचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. नीटचा निकाल लागल्यानंतर राज्याच्या जागांसाठी माफसूच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. त्याशिवाय मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद राष्ट्रीय पातळीवर भरते आणि तिच्या समुपदेशनासाठी आणखी एक स्वतंत्र नोंदणी लागते. ज्याला परराज्यात जायची तयारी आहे त्याने ही तिसरी नोंदणी अवश्य करावी. माफसूच्या अर्जानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, तिच्यावर हरकत घेण्यासाठी थोडे दिवस मिळतात, मग अंतिम यादी, महाविद्यालयांचे पसंतिक्रम आणि प्रवेशाच्या फेऱ्या असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत आपले नाव, प्रवर्ग आणि गुण त्याच दिवशी तपासावेत, कारण हरकतीची मुदत संपल्यावर बरोबर असलेली तक्रारही कोणी ऐकून घेत नाही.

कागदपत्रे

या रस्त्यावर आपल्या जिल्ह्यातील मुले गुणांपेक्षा कागदांसाठी अधिक अडतात, म्हणून येथे थोडे थांबून लिहितो. सर्वांना लागणारे कागद ठाऊक असतात. नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र एवढे त्यात आले. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे नाव आहे तसेच ते नीटच्या अर्जात लिहावे. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असेल तर ती दुरुस्ती अकरावीतच उरकावी. गुणपत्रिका हरवली असेल तर दुसरी प्रत पुण्याच्या विभागीय मंडळाकडून मिळवावी लागते, कारण सोलापूर जिल्हा त्या मंडळाखाली येतो.

राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी त्यासाठी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करू शकतो. ऑनलाइन अर्जाबरोबर प्राचार्यांच्या सहीचे नमुना १५-अ मधील प्रमाणपत्र आणि नमुना ३ व १७ मधील प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. यातले अवघड काम पुराव्याचे असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जमातीची पडताळणी वेगळ्या समितीकडे होते. मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबात आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, मग शाळेचा उतारा कोठून आणायचा, असा प्रश्न खरोखरच पडतो. अशा वेळी चुलत आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलमधील कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत, किंवा वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाला आधीच मिळालेले वैधता प्रमाणपत्र यांचा उपयोग होतो. या शोधाला महिने जातात. म्हणून हा अर्ज अकरावीची परीक्षा झाली की लगेच हाती घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे राखीव प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तर प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. मंगळवेढ्याकडच्या एका मुलीने जानेवारीत काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला जोडला होता. दाखला खरा होता, पण त्याची मुदत मार्चमध्येच संपली होती. तात्पुरत्या यादीत ती खुल्या प्रवर्गात गेलेली दिसली, आणि हरकतीच्या मुदतीत नवा दाखला मिळवण्यासाठी तिचे वडील तीन दिवस सेतू केंद्रात बसून होते. दाखला वेळेत मिळाला म्हणून तिचा प्रवेश झाला. पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही असेच वर्षाचे बंधन असते.

प्रवर्गाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. राज्यात धनगर समाज भटक्या जमाती-क मध्ये येतो, केंद्राच्या यादीत तोच इतर मागासवर्गात आहे. म्हणून नीटच्या अर्जात ओबीसी नॉन-क्रिमीलेअर आणि माफसूच्या अर्जात एनटी-क असे लिहावे लागते, आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. मराठा समाजाच्या विद्यार्थ्यांना राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्ग आहे, पण केंद्राच्या यादीत तो नसल्याने नीटच्या अर्जात खुला किंवा पात्र असल्यास आर्थिक दुर्बल घटक हाच पर्याय उरतो. दोन्ही अर्जांत एकच प्रवर्ग दिसला पाहिजे अशी कोणी भीती घातली तर ती मनावर घेऊ नये.

प्रवेश निश्चित झाल्यावर शिष्यवृत्ती आणि शुल्क-सवलतीचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर स्वतंत्रपणे करायचा असतो, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते हाताशी ठेवावे.

पदवीच्या काळात घोडा कसा शिकायचा

महाविद्यालयाच्या चिकित्सालयात गायी-म्हशी आणि कुत्री जास्त येतात, घोडा क्वचित येतो. त्यामुळे जो विद्यार्थी घोड्याच्या मागे स्वतःहून जात नाही, त्याच्या हाताला घोड्याची सवय होत नाही. उभ्या घोड्याच्या जबड्याच्या कडेखाली बोटे टेकवून नाडी शोधणे ही साधी वाटणारी गोष्ट जमायला दिवस लागतात. बोटांखालून धमनी निसटत राहते आणि घोडा मान झटकतो. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडते. ती ६० च्या वर गेली आणि घोडा वळून कुशीकडे पाहू लागला, पुन्हा पुन्हा लोळू लागला, की पोटशूळ ओळखून धावपळ करावी लागते, कारण घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटात कोंडलेला वायू किंवा चारा त्याचा जीव घेऊ शकतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला कळण्यासाठी सुट्टीत तबेल्यावर जावे लागते. सुट्टीत अकलूजच्या बाजारात किंवा पालखी मार्गावरील पशुवैद्यकीय पथकाबरोबर परवानगी घेऊन उभे राहता आले तर तेही मोठे शिक्षण आहे.

पदवीनंतर

इंटर्नशिप संपल्यावर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही, कारण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ती बंधनकारक आहे. त्यापुढे घोड्याकडे जाणाऱ्यांनी शस्त्रक्रिया, औषधवैद्यक किंवा प्रजनन या विषयांत एम.व्ही.एस्सी. करावे. संशोधनाची ओढ असेल तर हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, जे १९८५ मध्ये स्थापन झाले, हे देशातील मुख्य ठिकाण आहे. घोड्यापासून माणसालाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्ससारख्या रोगावरील मोठे काम तेथे चालते.

नोकरीची सर्वांत सुनिश्चित वाट सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरची आहे. १७७९ पासूनचा इतिहास असलेल्या या दलात पशुवैद्यक पदवीधरांना अल्प मुदतीचे कमिशन मिळते. २१ ते ३२ वर्षे वयाचा नोंदणीकृत पदवीधर जाहिरात निघाल्यावर अर्ज करतो, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीतून निवड होते, सेवा सुरुवातीला पाच वर्षांची असते आणि ती आणखी पाच वर्षे वाढू शकते. राज्य शासनात पशुधन विकास अधिकारी गट-अ हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. त्यात घोडा क्वचितच वाट्याला येतो, पण जिल्ह्यातील यात्रा, बाजार आणि पालखीतील जनावरांची आरोग्य-व्यवस्था याच अधिकाऱ्यांच्या हाती असते. खासगी क्षेत्रात पुणे परिसरातील घोडे-पैदास केंद्रे आणि मुंबई-पुण्याचे रेसकोर्स आहेत, तेथे अर्जाइतकीच अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली केलेल्या कामाची किंमत असते.

परदेशात, उदाहरणार्थ आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठात, घोड्यांवरची स्वतंत्र बी.एस्सी. पदवी आहे. ती पैदास, आहार, प्रशिक्षण आणि व्यवस्थापनासाठी चांगली आहे, परंतु ती पशुवैद्यकाची पदवी नाही आणि तिच्या आधारे येथे घोड्यावर उपचार करण्याची नोंदणी मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी पालकांनी नीट समजून घ्यावे.

विज्ञान शाखा न घेतलेल्यांसाठीही घोड्याजवळ काम आहे. जॉकी आणि ट्रेनर यांना टर्फ क्लबचा परवाना लागतो, जॉकीला वजनाची कडक मर्यादा असते. नालबंदाचे काम मात्र आजही जाणत्या कारागिराच्या हाताखालीच शिकले जाते. खूर किती तासायचा आणि खिळा कोणत्या कोनातून बाहेर काढायचा, यात गव्हाच्या दाण्याएवढी चूक झाली तरी घोडा लंगडतो. सोलापुरात टांगे होते तेव्हापासून हे काम करणारी घरे आता थोडी राहिली आहेत, तेव्हा ज्याला हे शिकायचे आहे त्याने त्या घरांकडे लवकर जावे.