लिव्हिंग विल कसं करायचं, आणि घरात डिमेन्शिया असेल तर ते आत्ताच का करायचं

आमची आज्जी नऊ वर्षं डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) होती. शेवटच्या वर्षी तिला गिळता येईना, न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं, तिथे नाकातून नळी घातली, ती नळी उपसायची म्हणून दोन्ही हात गॉजने कॉटला बांधून ठेवले. बांधलेल्या हातांची बोटं मात्र चालूच, चादरीचं टोक धरून निऱ्या घालत होती. आजोबा गेले तेव्हा हीच आज्जी चार माणसांत म्हणाली होती, मला असल्या नळ्या लावू नका गं. सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कागदावर काहीच नव्हतं, आणि डॉक्टरांनी विचारलं "लेखी आहे का?" तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. ही वेळ तुमच्या घरावर येऊ नये म्हणून मला जे कळलंय ते सगळं लिहितेय.

लिव्हिंग विल म्हणजे प्रॉपर्टीचं मृत्युपत्र नाही. आपल्याकडे दोन्हीला इच्छापत्र म्हणतात म्हणून फार घोळ होतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, हे माणूस जिवंत असताना पण स्वतः सांगू शकत नसताना लागू होतं. यात आपण लिहून ठेवतो की आजार बरा होण्यापलीकडे गेला तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, फीडिंग ट्यूब (अन्न पोटात सोडायची नळी), छाती दाबून हृदय परत चालू करणं यातलं काय हवंय आणि काय नकोय. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये याला मान्यता दिली, पण तेव्हाची प्रोसेस इतकी किचकट होती (मॅजिस्ट्रेटसमोर सही वगैरे) की कोणी करेचना, मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ती सोपी केली. खाली आहे ती ही नवीन प्रोसेस. इंजेक्शन देऊन मरण देणं भारतात आजही गुन्हाच आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

आता कोण करू शकतं. अठरा वर्षं पूर्ण, मन शाबूत, आणि कोणाच्या दबावाखाली नाही, बास एवढंच. पण डिमेन्शियाच्या घरात सगळं अडतं ते "मन शाबूत" या दोन शब्दांवर. आज्जी-आजोबांच्या वतीने नातवंडं, मुलं, कोणीच हे करू शकत नाही, त्यांनी स्वतःच करायचं. आजार पुढे गेला की तो दरवाजा बंद. पण डायग्नोसिस झालं म्हणजे लगेच सगळं संपलं असंही नाही, सुरुवातीच्या स्टेजला बऱ्याच जणांना विचारलेलं नीट समजतं आणि आपल्याला काय हवंय ते सांगता येतं, अशा वेळी न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडून त्याच सुमाराच्या तारखेचं सर्टिफिकेट घ्या की यांना या कागदाचा अर्थ कळतोय. कायद्यात ते कंपल्सरी नाही, पण उद्या एखाद्या काकाने किंवा आत्याने शंका काढली तर तेच उपयोगी पडतं.

कागदात काय लिहायचं तर कुठल्या अवस्थेत कुठली ट्रीटमेंट नको ते अगदी स्पष्ट, "मला त्रास देऊ नका" असलं मोघम नको. आपल्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं टाका, एकापेक्षा जास्त चालतात. हे कधीही बदलता किंवा रद्द करता येतं, तेही लेखीच करायचं. सही दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो घरचे नसलेले, आणि मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून अटेस्ट करून घ्या. स्वतःचं आणि दोन्ही साक्षीदारांचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, ओरिजिनल आणि झेरॉक्स, सोबत न्या. एकेक कॉपी ज्यांची नावं टाकलीत त्यांना, फॅमिली डॉक्टरांना, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ज्याला कस्टोडियन म्हणतात. महाराष्ट्रात शहरांमधले कस्टोडियन नेमले गेले ते मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेल्यामुळे, आणि मुंबईत ते काम वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आहे. गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः आपलं लिव्हिंग विल केलं. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर वाद न घालता अर्ज, सोबत कॉपी, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन या.

वेळ येते तेव्हा नुसता कागद दाखवला की नळ्या निघतात असं नसतं. आधी हॉस्पिटलचं प्रायमरी बोर्ड बसतं, ट्रीटमेंट करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभवाचे दोन स्पेशालिस्ट. त्यांचं मत पडलं की सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर आणि आधीच्या बोर्डात नसलेले दोन स्पेशालिस्ट. दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत सांगायचं असतं. मग कागदात नाव असलेल्यांची संमती, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं, परवानगीसाठी थांबायचं नसतं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं.

आणि आमच्यासारखा कागदच नसेल तर? तरीही रस्ता आहे, हे आम्हाला तेव्हा कोणीच सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. कागद नसला तरी हीच दोन बोर्डांची प्रोसेस जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने होते. म्हणून "आम्हाला प्रायमरी बोर्ड हवंय" असं सरळ लेखी अर्जात मागा, आणि त्याच दिवशी पॅलिएटिव्ह केअरच्या (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांना बोलवा. नळीबद्दल मनात अपराधी वाटतं, आपण उपाशी ठेवतोय की काय असं, मलाही वाटलं. पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात फीडिंग ट्यूबने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर त्यापेक्षा हाताने, हळूहळू, जेवढं घेतील तेवढंच भरवायला सांगतात. आम्ही शेवटी आज्जीला घरी आणलं, आई चमच्याच्या टोकाने पेज द्यायची, दोन-तीन चमचे, की ती तोंड फिरवायची, मग आम्ही थांबायचो. अकराव्या दिवशी पहाटे गेली, हात मोकळे होते.

घरी मृत्यू झाला तर शेवटची ट्रीटमेंट देणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट घ्यायचं, फॉर्म ४ए, त्यामुळे त्यांना आधीच सांगून ठेवा की आम्ही पेशंटला घरी ठेवतोय, नाहीतर ऐनवेळी सही करायला कोणी तयार होत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत, शहरात पालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. तीस दिवसांपर्यंत लेट फी, त्यापुढे परवानगी आणि सेल्फ-अटेस्टेड (स्वतः सही केलेला) कागद, वर्ष उलटलं तर थेट मॅजिस्ट्रेटची ऑर्डर. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या, स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा, आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा, बँक, पेन्शन, सातबारा, सगळीकडे लागतात.