टांगाईल साडीच्या विणकरांसाठी ‘अधिकृत वापरकर्ता’ नोंदणी : अर्ज कुठे अडतो

फाळणीनंतर टांगाईलहून (आताच्या बांगलादेशातून) आलेल्या बसाक समाजाच्या विणकरांनी पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यातील फुलिया आणि पूर्व वर्धमानातील समुद्रगड, धात्रीग्राम परिसरात माग मांडले. त्यांच्या साडीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले खरे, पण ते राज्याच्या हातमाग विणकर सहकारी संस्थेच्या नावे आहे. फुलियात घर आणि घरात माग आहे म्हणून कोणी आपोआप ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे हे मानांकन आपल्या साडीला लावण्याचा हक्कदार, ठरत नाही. त्यासाठी प्रत्येकाला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जीआय-3 हा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शुल्क 10 रुपये.

आजोबांचा निर्वासित दाखला शोधत बसू नये. कायदा वंशावळ विचारत नाही, अर्जदार उत्पादक आहे का एवढेच पाहतो. वस्तू बनवणारा आणि तिचा व्यापार करणारा, दोघेही या व्याख्येत बसतात. त्यामुळे महाजनालाही, म्हणजे मजुरी देऊन साड्या विणून घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही, नोंदणी मिळते, परंतु ती त्याच्यापुरतीच असते आणि त्याच्याकडे मजुरीवर विणणाऱ्याला तिचा काहीही उपयोग होत नाही.

खरी अडचण आपण उत्पादक कसे, हे सांगणाऱ्या निवेदनाची आहे. ‘मी पिढीजात विणकर आहे’ या एका ओळीने भागत नाही. माग नोंदणीकृत क्षेत्रात कुठे आहे, सूत कोणते, ताण्याला (उभ्या धाग्यांना) लाह्यांची खळ कशी देतात, जादा बाण्याने (आडव्या धाग्याने) बुटी कशी उठवतात, हे सविस्तर लिहावे. तेही इंग्रजी किंवा हिंदीत, म्हणजे जन्मभर बंगाली बोललेल्या विणकराने आपल्याच कामाचे वर्णन दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे.

दुसरा अडसर मालक संस्थेच्या संमतिपत्राबद्दलच्या गैरसमजाचा. ते मिळत नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नये. वास्तविक संमती नसली, तरी अर्जाची प्रत संस्थेला पाठवून तसे नोंदणी कार्यालयाच्या निबंधकांना कळवले की अर्ज चालतो. म्हणून टपालाची पोच जपून ठेवावी.

मुदतीचा घोळ सर्वांत महागात पडतो. वापरकर्त्याची नोंदणी दहा वर्षांची असते, पण मूळ मानांकन त्याआधी संपत असेल तर तीही तेव्हाच संपते. मानांकनाची मुदत प्रमाणपत्राच्या नव्हे, तर सप्टेंबर 2020 मधील अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे आज नोंदणी केली, तरी नूतनीकरणाची वेळ सप्टेंबर 2030 मध्येच येते.

हा हक्क विकता वा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वारसाला तो मृत्यूनंतरच मिळतो. बाप-लेक एकाच मागावर बसत असले, तरी लेकाने आपला अर्ज वेगळा करावा.