जुन्या घराचं वायरिंग बदलताय? आधी वीजबिल काढा

जळगाव-धुळ्याकडच्या गावठाणात धाब्याची घरं अजून उभी आहेत. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, चिनी मातीचा फ्यूज, आणि मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की त्याच वायरींवर कूलर, फ्रिज, वर एसी. आमच्या जुन्या घरातला बोर्ड उघडून वायरमन म्हणाला, "भाऊ, आठे आर्थिंगच नई शे." सॉकेट तीन पिनांचं होतं, पण तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती.

वायरमन बोलावण्याआधी बिलावरचं नाव बघा. भार, म्हणजे घराला मंजूर असलेली विजेची मर्यादा, वाढवायचा अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या: मृत्यूदाखला, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची संमती. भाऊबंदकी असेल तर खरा वेळ इथेच जातो.

मग मंजूर भार बघा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, गीझर दोन, अर्ध्या एचपीची मोटार ३७३ वॅट; म्हणजे चार किलोवॅटच्या आसपास गेलंच. बिलावर एकच किलोवॅट असेल तर महावितरणच्या पोर्टलवर किंवा उपविभाग कार्यालयात वाढीव भारासाठी अर्ज करा. सोबत १२ अंकी ग्राहक क्रमांक, ओळखपत्र, जागेचा पुरावा (गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मालमत्ता कराची पावती) आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट. थकबाकी आधी भरून टाका.

टेस्ट रिपोर्टवर सही परवानाधारक विद्युत ठेकेदाराची लागते. बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं; अख्खं वायरिंग मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं. घर न बघता सही देणारेही भेटतात. तसला कागद घेऊ नका. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासायला सांगा आणि शेजारी उभे राहा. आकडा किमान १ मेगाओहम हवा.

वायर तांब्याचीच घ्या: दिवे-पंख्यांना १.५ चौ. मिमी, पॉवर सॉकेटला २.५, एसी-गीझरला ४ आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). दिव्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅटच्या वर जाऊ नका. स्विच फेजवरच (वीज आणणाऱ्या वायरीवर), न्यूट्रलला (परतीच्या वायरीला) फ्यूज नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) टाळू नका. एमसीबी वायर वाचवते, माणूस आरसीसीबी वाचवते.

मातीच्या भिंतीत खाचा मारू देऊ नका, भिंत पोकळ होते. वरून पीव्हीसी पाइप किंवा पट्टी बरी.

आर्थिंगचा खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी लांब घ्या. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम आर्थिंग देते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या आर्थिंगच्या पाइपाभोवतीची ओल जाते. म्हणून पाइपाला नरसाळं लावून वैशाखात पाणी ओतत राहायचं. आम्ही खड्डा टाकीच्या ओव्हरफ्लोखालीच घेतला.