समुद्रातलं भोक

बेरिंग समुद्राच्या नकाशात मधोमध एक मोकळा तुकडा आहे. एका बाजूला अलास्का, दुसऱ्या बाजूला रशिया. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर त्या त्या देशाचा हक्क. दोघांच्या हद्दी आखून झाल्या की मध्ये जे पाणी उरतं, ते कुणाचंच नाही. मच्छीमार त्याला ‘डोनट होल’ म्हणतात.

१९८०च्या दशकात जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन आणि सोव्हिएत संघाचे मोठमोठे ट्रॉलर या भोकात उतरले. त्यांना हवा होता पोलॉक हा मासा. यात बेकायदा काहीच नव्हतं. १९८९ साली इथून सुमारे १४ लाख टन पोलॉक निघाला. १९९२ साली निघाला १० हजार टनांच्या आसपास. अवघ्या तीन वर्षांत!

हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? थव्याने राहणाऱ्या माशांची गोष्ट फसवी असते. एकूण मासे निम्म्यावर आले तरी उरलेले पुन्हा एकत्र येतात, आणि थवा सापडला की जाळं पूर्वीसारखंच भरून येतं. जहाजावरच्या माणसाला टंचाई दिसतच नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिवाय हा पोलॉक काही भोकातच राहणारा नव्हता. अंडी घालायला तो अमेरिकेच्या हद्दीतल्या बोगोस्लोफ या ज्वालामुखी बेटाच्या परिसरात जमायचा. हद्दी माणसांनी आखल्या. माशाच्या लेखी सगळं पाणी एकच.

पण राष्ट्रांना समुद्र मिळून जपता येत नाही, असं मी मुळीच मानत नाही. याच बेरिंग समुद्रात १९११ साली एक करार झाला होता आणि त्याची रचना मला आजही थक्क करते. प्रश्न होता फर सीलचा, म्हणजे दाट मऊ केसांच्या कातड्यासाठी मारल्या जाणाऱ्या समुद्री प्राण्याचा. प्रिबिलॉफ बेटांवर माद्या पिल्लं घालतात आणि भक्ष्य शोधायला दूर समुद्रात जातात. शिकारी तिथेच त्यांना गाठून गोळ्या घालत. कित्येक सील हाती लागण्याआधीच बुडत आणि इकडे बेटावर त्यांची पिल्लं उपाशी मरत. जमिनीवर मात्र निवड करता येते. एकेक दांडगा नर अनेक माद्या राखून असतो, त्यामुळे जोडीदार न मिळालेले तरुण नर काही प्रमाणात मारले तरी पुढची पिढी थांबत नाही.

अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन असे चार देश बसले. समुद्रातली शिकार बंद, असं ठरलं. पण जपान आणि कॅनडाने आपला धंदा का सोडावा? त्याचं उत्तर करारातच होतं: अमेरिका आणि रशिया आपापल्या बेटांवर मिळणाऱ्या कातड्यांपैकी १५-१५ टक्के या दोघांना देतील. म्हणजे थांबणाऱ्याच्या पदरातही काही पडलं, आणि बेटावर सील जितके वाढतील तितका त्याचा वाटा वाढणार. पुढच्या काही दशकांत सीलची संख्या कित्येक पटींनी वाढली. (आज ती पुन्हा घटते आहे, पण आता शिकार हे त्याचं कारण नाही.)

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रात तर त्याहून पुढचं पाऊल पडलं. तिथला बर्फ वितळू लागल्यावर मध्यभागी सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा, कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्र उघडा पडण्याची चिन्हं दिसू लागली. तिथे कोणते मासे आहेत, किती आहेत, हेच नीट माहीत नव्हतं. म्हणून नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी २०१८ साली सह्या केल्या: आधी अभ्यास, तोवर व्यापारी मासेमारी नाही. २०२१ पासून १६ वर्षांसाठी हा करार लागू आहे. पहिलं जाळं पडण्याआधीच थांबायचं ठरवणं ही मला या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा जागतिक करारही अमलात आला आहे. त्यामुळे देशांच्या हद्दींबाहेर संरक्षित क्षेत्रं ठरवता येतील आणि एकमत झालंच नाही तर तीन-चतुर्थांश मतांनीही निर्णय घेता येईल. एकाच देशाच्या नकारामुळे सगळं अडून बसण्याचा अनुभव पाहता ही तरतूद फार मोलाची आहे.

आणि डोनट होल? १९९४ साली सहा देशांनी त्यासाठीही करार केला. त्यात एक आकडा आहे: बेरिंग समुद्राच्या या खोल भागातला पोलॉक १६ लाख ७० हजार टनांवर गेला, तरच जाळी पुन्हा टाकायची. हिवाळा सरता सरता संशोधकांचं जहाज बोगोस्लोफच्या आसपास फिरून खाली ध्वनिलहरी सोडतं. पोलॉकच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून त्या परत येतात आणि त्या प्रतिध्वनींवरून किती टन मासा आहे याचा अंदाज बांधला जातो. ही मोजणी सुरू होऊन तीन दशकं उलटली. तो आकडा अजून गाठला गेलेला नाही.